छोट्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स: मोजायचा कसा, वाचवायचा कसा

गतिरोधकावर गाडी खाली घासली की पहिला दोष गाडीच्या उंचीला दिला जातो. बऱ्याचदा कारण वेगळं असतं. टायरमध्ये हवा कमी असते, डिकीत जादा वजन असतं, एखादी स्प्रिंग दबलेली असते, नाहीतर गतिरोधकावर चढतानाही ब्रेक दाबून धरलेला असतो. प्रत्येक कारणापायी काही मिलिमीटर जातात, आणि छोट्या गाडीकडे मुळात घालवायला फारसे मिलिमीटर नसतात. साध्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, बहुधा १४० ते १७० मिमी असतो, उंच बांध्याच्या छोट्या गाड्यांचा १८० ते २१० मिमीच्या आसपास. हे मिलिमीटर कुठे जातात ते कळलं, तर गाडीला हातही न लावता त्यातले बरेचसे परत मिळतात.

माहितीपत्रकातला आकडा

वाहनांच्या मापांसाठी आयएसओ ६१२ नावाचं १९७८ सालचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यानुसार ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे सपाट जमीन आणि गाडीच्या मधल्या पट्ट्यातला सगळ्यात खालचा भाग यांच्यातलं अंतर. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्या ८० टक्के रुंदीचा हा पट्टा. चाकाला अगदी लागून असलेले भाग त्यात धरत नाहीत. म्हणूनच सस्पेन्शनचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) छापील आकड्यापेक्षा खाली असू शकतो आणि तरीही आकडा खरा असतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी रिकाम्या गाडीचा छापतात, काही कंपन्या भरलेल्या गाडीचा देतात. दोन गाड्यांची तुलना करताना एकीचा रिकामा आणि दुसरीचा भरलेला आकडा शेजारी ठेवला, तर निष्कर्ष पूर्ण चुकतो. फरक लहान नसतो. सरासरी ७० किलोची पाच माणसं म्हणजे ३५० किलो. त्यातल्या मागच्या सीटवरच्या तिघांचं आणि डिकीतल्या सामानाचं बरंचसं वजन मागच्या चाकांवर येतं. छोट्या गाडीची मागची बाजू अशा वेळी ४० ते ५० मिमी सहज खाली बसते, पुढची १० ते २०, आणि मधोमध साधारण ३० मिमी. म्हणजे १६५ मिमीची गाडी भरल्यावर १३५ मिमीची होते. रोजच्या रस्त्यावर हाच आकडा उपयोगी पडतो.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर. गाडी जितकी लांब तितकं तिचं पोट उंचवट्यावर टेकण्याची शक्यता जास्त. पोट न टेकता गाडी किती तीव्र उंचवटा ओलांडेल ते उंचवट्याचा कोन सांगतो, तो जितका मोठा तितकं बरं. तो काढण्याचं ढोबळ गणित असं: क्लिअरन्सच्या दुपटीला व्हीलबेसने भागा, त्याचा व्यस्त टॅन्जंट (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹) घ्या आणि उत्तर दुप्पट करा. २४५० मिमी व्हीलबेस आणि १६५ मिमी क्लिअरन्स असेल तर सुमारे १५.३ अंश येतात. व्हीलबेस २६५० मिमी असेल तर त्याच क्लिअरन्सला १४.२ अंशच मिळतात. बरोबरी साधायला लांब गाडीला जवळपास १७९ मिमी क्लिअरन्स लागेल. आणि पहिली गाडी माणसांनी भरून १३५ मिमीवर आली, की तिचा कोन १२.६ अंशांवर उतरतो. तेव्हा नुसता क्लिअरन्स वाचून 'ही गाडी उंच' असं म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्या गाडीचा खरा आकडा काढा

एक सपाट जागा, स्टीलचा टेप, टॉर्च आणि जाड पुठ्ठा एवढं पुरतं. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली शिरू नका. या कामाला त्याची गरजच नाही.

१. टायर थंड असताना हवा तपासा. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तिथे बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा.

२. गाडी सपाट फरशीवर आणा, दोन-तीन मीटर पुढे-मागे करून सरळ चाकांवर थांबवा. नुसती वळवून लावलेली गाडी सस्पेन्शनमध्ये अडकून थोडी उंच किंवा खाली उभी राहू शकते.

३. पुठ्ठ्याच्या १२०, १३०, १४०, १५० आणि १६० मिमी उंचीच्या पट्ट्या कापा. एकेक पट्टी उभी धरून काठीने गाडीखाली सरकवा. जी पट्टी वाकते तिच्या आधीचा आकडा तुमचा.

४. टॉर्चच्या उजेडात बघा की पट्टी नेमकी कशाला लागली. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं आवरण, इंजिन ऑइलचा चेंबर, क्रॉस मेंबर (गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी), सायलेन्सरचा पाइप किंवा मधला डबा, पेट्रोलची टाकी, मागचा आडवा ॲक्सल हे नेहमीचे उमेदवार. पुढच्या चाकांपासून आणि मागच्या चाकांपासून तो भाग किती लांब आहे तेही लिहून ठेवा.

५. आता नेहमीइतकी माणसं आत बसवा, नेहमीचं सामान ठेवा आणि पुन्हा मोजा.

६. चारही चाकांवर चाकाच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून तारखेसह लिहा. हे माप टायर झिजल्याने बदलत नाही. त्यामुळे पुढे कधी गाडी खाली आल्यासारखी वाटली, तर दोष स्प्रिंगचा की टायरचा ते लगेच कळतं.

चौथी पायरी टाळू नका, सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते. खालचा भाग चाकांच्या जवळ असेल तर गतिरोधकावर फारसा त्रास होत नाही, कारण चाक चढलं की तो भागही सोबत वर जातो. तोच भाग दोन चाकांच्या मधोमध असेल तर तोच पहिला घासतो. खालचा भाग लवचिक प्लॅस्टिकचा असेल तर घासण्याचा आवाज मोठा आणि नुकसान किरकोळ. ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर आवाज छोटा आणि नुकसान मोठं असू शकतं.

नकळत जाणारे मिलिमीटर

नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण ८ मिमी असते, आणि झीज दाखवणाऱ्या खुणा १.६ मिमीवर असतात. म्हणजे टायर संपेपर्यंत गाडी सहा मिमीहून जास्त खाली आलेली असते. हवा कमी असेल तर आणखी काही मिमी जातात, शिवाय खड्ड्याच्या कडेवर रिम वाकण्याचा धोका वाढतो. हवा दर दोन आठवड्यांनी आणि लांबच्या प्रवासाआधी तपासा. भरलेल्या गाडीसाठी पट्टीवरचा दुसरा, जास्त दाब वापरा. क्लिअरन्स वाढेल म्हणून त्याहून जास्त हवा भरू नका. त्याने फायदा नगण्य होतो, आणि पकड व ब्रेकिंग दोन्ही बिघडतात.

डिकी रिकामी करा. न लागणारी अवजारं, पाण्याचे कॅन, विसरलेली पोती यांचं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं, म्हणून ते मागची बाजू जास्त दाबतं. जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. गॅसची टाकी डिकीत बसवलेली गाडी कायमच अर्धी भरलेली समजा आणि तिचं माप टाकीसह घ्या.

वय झालेल्या गाडीत स्प्रिंग बसते. डाव्या-उजव्या बाजूच्या मापात १५ मिमीहून जास्त फरक दिसला, तर त्या बाजूची स्प्रिंग बघायला हवी. अनेकदा तिचा अगदी खालचा वेढा गंजून तुटलेला असतो आणि वरून काही दिसत नाही. स्प्रिंग बदलताना एका ॲक्सलच्या दोन्ही बदला. इथे एक गैरसमज गॅरेजमध्येही ऐकू येतो, की शॉकअप बदलले की गाडी उचलली जाते. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त तिचं उसळणं आवरतो. पण शॉकअप गेलेला असेल तर गाडी गतिरोधकावरून उतरताना खोलवर दबते आणि उभ्या गाडीत पुरेसा दिसणारा क्लिअरन्स त्या क्षणी संपतो. बोनेटचा एक कोपरा जोरात खाली दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. ती पुन्हा पुन्हा हलत राहिली, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल दिसलं, तर तो बदलायची वेळ झाली.

गतिरोधक: पायाचं काम

समजा, गतिरोधक १०० मिमी उंच आहे आणि भरलेल्या गाडीच्या पोटाखाली १३५ मिमी आहेत. हळू गेलात तर ३५ मिमी शिल्लक राहतात. तेवढे पुरतात. ते संपतात गाडीच्या हालचालीने. ब्रेक दाबला की नाक खाली जातं, ॲक्सिलरेटर दाबला की शेपूट बसतं, आणि वेगात उतरलात की पुढची चाकं आपटून स्प्रिंग आणखी दबते. यातली एकेक गोष्ट ३० मिमी खाऊ शकते.

म्हणून वेग आधीच, २०-३० मीटर अलीकडे कमी करा. उंच गतिरोधक असेल तर पहिला गिअर टाका. पुढची चाकं गतिरोधकाला लागण्याच्या क्षणभर आधी ब्रेक पूर्ण सोडा. नाक वर येतं आणि स्प्रिंगला हालचालीची पूर्ण जागा मिळते. ब्रेक दाबलेला ठेवून चढणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. चढताना वेग माणसाच्या चालण्याइतका, म्हणजे ताशी पाच ते दहा किलोमीटर. ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडल्यावर आपोआप सरकते, तेवढं बहुधा पुरतं. चाक अडलं तरच हलका ॲक्सिलरेटर द्या.

आता सर्वात नाजूक क्षण येतो. पुढची चाकं उतरली की बहुतेक जण 'झालं' असं समजून वेग वाढवतात. नेमकं तेव्हा गाडीचं पोट उंचवट्याच्या डोक्यावर असतं. वेग वाढला की मागची बाजू दबते आणि सायलेन्सर किंवा टाकीखालचा भाग खरडतो. मागची चाकं पूर्ण उतरेपर्यंत पाय स्थिर ठेवा.

एवढं करूनही घासत असेल तर तिरकं जा. सरळ गेल्यावर दोन्ही पुढची चाकं उतरून दोन्ही मागची चढेपर्यंत संपूर्ण व्हीलबेस, म्हणजे २४५० मिमीचा पट्टा निराधार असतो. ३० अंश तिरकं गेलं की दुसरं पुढचं चाक उतरणं आणि पहिलं मागचं चाक चढणं यांतलं अंतर सुमारे १४०० मिमीवर येतं (चाकांमधली रुंदी १४५० मिमी धरून). उंचवट्यावर गाडीचा एक ना एक कोपरा जास्त वेळ उचललेला राहतो. मागून-पुढून वाहन येत नसेल तरच हे करा, इंडिकेटर द्या आणि दुसऱ्याच्या लेनमध्ये शिरू नका. गाडी तिरकी असताना डोलते, म्हणून वेग आणखी कमी ठेवा. फारच उंच गतिरोधक असेल तर मागचे दोघे क्षणभर उतरले, तरी १५-२० मिमी परत मिळतात. यात कमीपणा नाही. चेंबर फोडण्यापेक्षा हे कधीही बरं.

एकामागोमाग पाच-सहा छोटे उंचवटे असतील तर एक ओलांडल्यावर गाडी स्थिर होऊ द्या, मगच पुढचा घ्या. पहिल्यावर सुरू झालेली उसळी तिसऱ्या-चौथ्यावर जमीन गाठते.

उतार, दगड, पाणी, पार्किंग

तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर दोन वेगळे धोके असतात. रॅम्पच्या तळाशी पुढचा किंवा मागचा बंपर घासतो, रॅम्पच्या माथ्यावर पोट घासतं. तळाशी एक चाक आधी चढेल असं किंचित तिरकं जा. माथ्यावर पुढचं दिसत नाही म्हणून अचानक ब्रेक मारण्याचा मोह होतो. त्याऐवजी आधीच रेंगाळत चढा.

कच्च्या रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडलेल्या असतील तर चाकं चाकोरीत घालू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर ठेवा. दोन चाकांच्या मधून दगड घालण्याआधी भरलेल्या गाडीचं माप आठवा. शंका असेल तर उतरून बघा, तेवढ्या उंचीच्या दगडावरून गाडी नेऊ नका. वाळलेल्या उंच गवतात गाडी लावणं टाळा. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतके तापलेले असतात की खाली अडकलेलं गवत पेट घेऊ शकतं.

पाण्याच्या बाबतीत क्लिअरन्सवर विसंबू नका. इंजिनात हवा ओढणाऱ्या तोंडाची उंची तिथे महत्त्वाची. पाणी आत गेलं तर इंजिन जागच्या जागी अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो. खोली दिसत नसेल, किंवा पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल, तर परत फिरा.

पार्किंगमधल्या चाक अडवणाऱ्या ठोकळ्यांनी आणि फुटपाथच्या कडांनी बंपर फार निघतात. रिकामी गाडी कडेवर नाक काढून लावली जाते, मग माणसं आत बसतात, गाडी खाली येते आणि बंपर कडेवर टेकतो. मागे घेताना खालची कड अडकते आणि क्लिपा तुटून बंपर लोंबतो. वीतभर अलीकडे थांबलात तर हे टळतं.

गाडी उंच करावी का?

बहुतेकांनी करू नये. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी जास्त झुकते, आणि स्टिअरिंगची भूमिती बदलल्याने टायर वाकडे झिजतात. तरीही गरज असेल तर आधी टायरचा विचार करा. १७५/६५ आर १५ टायरचा व्यास ६०८.५ मिमी आहे, १८५/६५ आर १५ चा ६२१.५. फरक १३ मिमीचा, पण गाडी त्याच्या निम्मीच, म्हणजे ६.५ मिमी उचलली जाते. स्पीडोमीटर त्याच वेगाला आधीपेक्षा दोन टक्के कमी दाखवू लागतो. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांपेक्षा दूर जाऊ नका. टायर किती वजन आणि किती वेग पेलतो ते सांगणारे त्यावरचे भार निर्देशांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं घेऊ नका. पूर्ण भारात आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून टायर कुठे घासत नाही ना ते बघा.

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर स्वस्त आणि लोकप्रिय आहेत. ते वेढे जाम करतात, त्यामुळे स्प्रिंग कडक होते आणि तिचा उरलेला भाग जास्त ताण सोसतो. मागच्या स्प्रिंगवर, कायम भारात चालणाऱ्या गाडीला त्यांचा थोडा उपयोग होतो. पुढच्या बाजूला ते बसवणं आम्हाला पटत नाही. स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) घालायचे स्पेसर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन वाढवतात, ब्रेकचे पाइप ताणतात आणि शॉकअप वरच्या टोकाला आपटू लागतो. असा बदल केलाच तर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत दोन्ही पुन्हा लावून घ्या. वॉरंटी आणि विम्याच्या अटी काम करण्याआधी वाचा.

इंजिनखाली धातूची जाड प्लेट लावल्याने चेंबर वाचतो, पण प्लेट स्वतः काही मिमी क्लिअरन्स खाते. ऑइल बदलण्यासाठी तिला भोक हवं, हवा खेळायला फटी हव्यात, आणि ती मूळ बोल्टच्या जागांवरच बसायला हवी.

जोरात घासलीच तर

सुरक्षित जागी थांबा आणि डॅशबोर्ड बघा. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. 'गॅरेज जवळच आहे' म्हणून दोन किलोमीटर नेलेलं इंजिन पूर्ण उघडावं लागतं. दिवा नसेल तर गाडी दहा मिनिटं उभी ठेवून खाली काय टपकतं ते पांढऱ्या कागदावर बघा. काळपट-तपकिरी चिकट थेंब इंजिन ऑइलचे. हिरवट, गुलाबी किंवा निळसर पाणीदार थेंब कूलंटचे. लालसर तेलकट थेंब बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे. स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं, त्याची काळजी नको. पेट्रोलचा वास आला किंवा ब्रेकचा पेडल मऊ लागला तर गाडी चालवू नका, टो करा. पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या गाडीच्या पोटालगतच जातात.

गळती नसली तरी चेंबर बघून घ्या. ॲल्युमिनियमचा चेंबर तडकतो आणि लगेच गळतो, म्हणून दोष लपत नाही. पत्र्याचा चेंबर फक्त आत दबतो. ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून काही मिलिमीटरच वर असते. पत्रा तिला टेकला की ऑइल पुरेसं ओढलं जात नाही, आणि ते बाहेर कुठेच दिसत नाही. म्हणून पोचा आलेला चेंबर काढून तपासावा लागतो.

खालचं प्लॅस्टिकचं आवरण लोंबत असेल तर गॅरेजपर्यंत केबल टायने बांधता येतं, फक्त सायलेन्सरच्या गरम भागाला लागू देऊ नका. विजेच्या गाडीत पोटाखाली बॅटरीच असते. तिच्या कवचाला पोचा किंवा चीर दिसली तर चार्जिंगला लावण्याआधी अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवा. जॅक लावायच्या कडेचा किंवा क्रॉस मेंबरचा नुसता रंग खरडला गेला असेल, तर पहिल्या पावसाआधी तो भाग घासून, प्रायमर आणि अंडरकोटिंग मारून घ्या. गंज तिथूनच धरतो.